मुंबईच्या धन्यास खलिता

अप्पा एलची दमला होता. दिवसभराचं दमणं पाठ टेकली की उतरतं. हे सव्वाचार वर्षांचं होतं, आणि एवढं दमणं आडवं करायला लालबागच्या चाळीतल्या खोलीत जागा नव्हती.

अप्पा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पाण्याखालीच नीट घेता येई. कोरड्या हवेत ते उच्चारलं की ऐकणाऱ्याला वाटे, माणसाला ठसका लागला. पिंपळवाल्या चाळीनं पहिल्या दिवशी त्याला नाव विचारलं, त्यानं ते सांगितलं, चाळीनं त्याच्या पाठीवर थापा मारल्या, तांब्याभर पाणी पाजलं आणि पुन्हा असा प्रसंग नको म्हणून अप्पा म्हणायला सुरुवात केली.

अतळकोट हे त्याचं राज्य. गिरगावच्या चौपाटीवरून पाण्यात शिरायचं आणि तळातळानं अर्धा दिवस नैऋत्येला चालत राहायचं, की वेस लागते. राज्य लहान, पण जुनं. तिथे कोर्ट नाही, पोलीस नाहीत, साक्षीदार नाहीत, कारण तिथे खोटं बोलायची सोय नाही. मनाई नाही, सोय नाही. पाण्याखाली माणूस बोलला की बुडबुडे निघतात. खरं बोललात तर सरळ वर जातात. खोटं बोललात तर वाकडे, आणि गल्लीतली पोरं बोट दाखवून हसतात. दोनचार पिढ्या असं हसून घेतल्यावर लोकांनी तो नाद सोडून दिला. त्यामुळे परराज्यात एलची म्हणून कुणाला धाडावं, हा पेच तिथल्या राजाला पडलाच नाही. त्या कामाला सगळेच सारखे नालायक होते. ज्याचा अंगरखा त्यातल्या त्यात धड, त्याला धाडलं.

धाडायचं कारण असं, की अतळकोटवर वरून दगडविटा पडू लागल्या होत्या. गिरण्यांच्या भट्ट्यांतली राख, पाडलेल्या भिंतींच्या विटा, फुटकी कौलं, हे सगळं लॉऱ्या भरभरून आणून एक कंत्राटदार किनाऱ्यावरून समुद्रात लोटत होता. वरचे लोक त्याला भराव म्हणत. त्यातून पुढे जमीन होते, असं म्हणत. खालचे लोक काही म्हणत नसत, कारण म्हणायला तोंड उघडलं की राख आत जाई. आधी बाजार गेला, मग शाळा. मग राख एलचीच्या गल्लीत शिरली. तिथे त्याची बायको आणि म्हातारी आई राहत. राजानं भराव थांबवण्याबद्दल खलिता लिहवला, शिंपल्याच्या नळीत घातला, वर लाख लावली आणि सांगितलं, "मुंबईच्या धन्याच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही. भराव थांबला की घरी ये."

आता धनी ओळखायचा कसा? अतळकोटचा कायदा सोपा आहे. चारचौघांत 'हे माझं' म्हणावं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी 'छट्' म्हटलं नाही, की ते तुमचं. तिथली घरं, शेतं आणि एकदोन लग्नंसुद्धा या कायद्यावर शेकडो वर्षं सुरळीत चालली होती.

अप्पा चौपाटीवर पाण्याबाहेर आला तो छप्पन सालच्या जानेवारीत, आणि बाहेर येतो तो समोर सभा. व्यासपीठावरून कुणीतरी विचारलं, "मुंबई कुणाची?" आणि वाळूवरच्या हजारो माणसांनी उत्तर दिलं, "आमची!"

अप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरून निघून अर्धा दिवस झाला होता, आणि काम संपलंसुद्धा. त्यानं जवळच्या माणसापुढे नळी धरली. हे शामराव. गिरणीत टाइमकीपर आणि पिंपळवाल्या चाळीचे सेक्रेटरी.

"पत्रकं आहेत का?" शामराव म्हणाले. "आणा, वाटून टाकतो."

एवढ्यात मागचा भेळवाला कागदाचा पुडा वळता वळता म्हणाला, "छट्! आमची म्हणे! दिल्लीवाले देतायत होय!"

अप्पानं नळी परत कमरेला खोचली. कायदा म्हणजे कायदा.

त्या आठवड्यात शहरात गोळीबार झाले, संचारबंदी लागली. ओल्या अंगरख्यानं थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला शामराव घरी घेऊन आले आणि जिन्याखालची खोली दिली. तिथे अप्पा राहू लागला. पाय मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवले की त्याला बरं वाटे. चाळीला यात काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे नाना तर रोज सकाळी उलटे उभे राहत.

भराव मात्र थांबत नव्हता. दर पौर्णिमेच्या भरतीला अप्पा चौपाटीवर जाई, आणि तिथे ओल्या वाळूत बायकोनं धाडलेला शिंपला सापडे. त्यावर काट्यानं कोरलेलं असे: 'राख उंबऱ्याला लागली.' काही महिन्यांनी, 'राख चुलीच्या काठाला.' बाई थोडक्यात लिहिणारी होती. 'कधी येणार' असं तिनं एकदाही कोरलं नाही, आणि तेवढंच वाचायला अप्पाला फार वेळ लागे.

तो धनी शोधत हिंडला. जानेवारीत मुंबई दिल्लीकडे राहणार असं ठरलं होतं. नोव्हेंबरात ती गुजरात-महाराष्ट्राच्या सामाईक संसारात नांदायला गेली. पेढीवर बसलेले एक शेठ म्हणाले, "मुंबई अमारी, अमे बांधी," तर त्यांचाच मुनीम वही मिटून खोकला. खोकला म्हणजे छट् होतो का, यावर अप्पानं दोन दिवस विचार केला आणि होतो असं ठरवलं. खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "आमी हितलेच, इंग्रजाच्या आदीचे," तर समोरच्या लाकडी जिन्यावरून त्यांचीच जाऊ ओरडली, "छट्! तू तर वसईची!"

शेवटी शामरावांनी सल्ला दिला. "अप्पा, सचिवालयात जा. आवकच्या खिडकीत दे, नंबर घे, मोकळा हो. जगात सगळे असंच करतात."

खिडकीत आनंदा होता. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा, नाकासमोर चालणारा तरुण कारकून. सत्तावन्न साल नुकतंच लागलं होतं. दोनतीन महिन्यांपूर्वीच त्याच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि भिंतीवरचे जुने देव उतरवले होते. त्यानं नळी उलटसुलट करून पाहिली.

"कुणाच्या नावे आहे, अप्पासाहेब?"

"मुंबईच्या धन्याच्या."

आनंदानं टेबलांची यादी काढली आणि वरून खाली बोट फिरवलं. महसूल, बांधकाम, गृह, मत्स्यव्यवसाय. "धनी असं टेबल आमच्याकडे नाही. पण ठेवा तुम्ही, नंबर घालतो. नंबर घातला की कागद कुठेतरी जातोच."

"तुम्ही धनी आहात का?"

आनंदा हसला. हसला म्हणजे तोंडानं. डोळे यादीवरच होते. "आम्ही एका खोलीत नऊ जण आहोत. आणि माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते. तुम्ही मला एकदम मुंबईचंच विचारता." मग त्यानं नळी खिडकीतून परत दिली. "दुसरा कुणी असता तर मी ठेवून घेतलं असतं. तुम्हाला खरंच उत्तर हवंय, म्हणून परत देतो. इथे ठेवू नका."

दोन प्रामाणिक माणसं समोरासमोर आली की कामाचा कसा विचका होतो, याचा हा नमुना. रांगेतले लोक ओरडू लागले तेव्हा अप्पा बाजूला झाला.

मग मोर्चे. मोर्च्यात 'मुंबई आमची' ही घोषणा होते आणि सगळे एका सुरात देतात, म्हणून अप्पा प्रत्येक मोर्च्याला जाई. पहिल्या रांगेत चालत नळी पुढे धरून तो वाट पाही, की आता तरी कुणी छट् म्हणणार नाही. ते काम दर वेळी पोलीस करत. एकदा सगळ्यांबरोबर त्यालाही गाडीत घातलं. ठाण्यात सत्याग्रही हसत हसत नावं सांगत होते. अप्पानं आपलं सांगितलं. इन्स्पेक्टरांनी त्याला पाणी पाजलं.

"कशासाठी आला होतात?"

"मुंबईचा धनी शोधायला."

इन्स्पेक्टरांनी टाक खाली ठेवला. "सापडला तर इकडे पाठवा. क्वार्टरच्या छपराबद्दलचा आमचा अर्ज तीन वर्षं पडून आहे."

एक गोष्ट इथे सांगायला हवी. या सगळ्या काळात नळीत काय लिहिलंय, हे अप्पाला कुणी विचारलं नाही. शेठनं नाही, शामरावांनी नाही, आनंदानंही नाही. कुणाच्या नावे आहे, एवढ्यावरच सगळे अडत. आणि आपणहून सांगणं अप्पाला शक्य नव्हतं. खलित्यातला मजकूर धन्याखेरीज कुणापुढे आपणहून काढू नये, विचारला तर मात्र लपवू नये, ही अतळकोटची रीत. चाळीच्या समोर, गिरणीच्या फाटकापाशी, रोज सकाळी लॉऱ्या राखेनं भरत. अप्पा खिडकीतून पाही. कुठली लॉरी आपल्या आईच्या अंगावर रिकामी होणार, हेही त्याला अंदाजानं कळे. पण धन्याला वगळून चाकराशी बोलणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरणं होतं.

साठ सालच्या एप्रिलात शिंपला आला: 'आईला खाटेसकट माळ्यावर चढवलं.'

आणि मग एक मे उजाडला.

सकाळपासून चाळीच्या चौकात लेझीम चालली होती. गुलाल, तोरणं, पेढ्यांची परात. पिंपळाखाली टेबलावर उभं राहून शामरावांनी दोन्ही हात वर केले आणि विचारलं, "मुंबई कुणाची?"

"महाराष्ट्राची!" तीन मजले, दोन जिने आणि एक गच्ची एकदम म्हणाली.

अप्पा बादलीतून पाय काढून उभा राहिला. कान टवकारून थांबला. एक, दोन, तीन असं साठपर्यंत मोजलं. कुणी छट् म्हटलं नाही. डॉक्टरला, पंचांगाला आणि स्वतःच्या सासऱ्याला छट् म्हणून ख्याती पावलेले नानासुद्धा गप्प होते; त्यांच्या तोंडात पेढा होता.

चार वर्षांत पहिल्यांदा अप्पाचे पाय हलके पडले. तो गर्दीतून टेबलापाशी गेला, नळी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि म्हणाला, "घ्या."

लेझीम थांबली. अप्पाची नळी सगळ्यांना ठाऊक होती. ती आज घेतली जाणार, म्हणजे हा काही साधासुधा पेढा नव्हे, हेही सगळ्यांना कळलं. शामराव टेबलावरून उतरले, टोपी नीट केली आणि हात पुढे केला.

नानांनी पेढा गिळला. "छट्! तू कोण घेणारा? छप्पनला गोळी सुटली तेव्हा खाटेखाली कोण होतं?"

"आणि तुम्ही हो, नाना?"

"मी खाटेवर होतो! आजारी!"

"जेल आम्ही भोगली," पहिल्या मजल्यावरचा लवू पुढे आला. "तीन महिने. तुरुंगाची आमटी पिऊन आलोय."

"तीन महिने नाही, अकरा दिवस! मीच डबा घेऊन येत होतो की!" त्याचा शेजारी म्हणाला.

"मग डब्याला द्या नळी!"

कुणीतरी म्हणालं, रखमाला द्या. रखमाचा नवरा छप्पनच्या गोळीबारात गेला होता. ती जिन्याच्या तोंडाशी परात धुवायला घेऊन बसली होती. सगळे तिच्याकडे वळले.

"मला नको," ती म्हणाली. "तेव्हा एक कागद आला होता घरी. दुसरा नको." आणि परात घेऊन नळाकडे गेली.

त्यानंतर काही क्षण बरे गेले. मग पुन्हा सुरुवात झाली. गिरणीवाले म्हणाले, संप आम्ही केले. शिकलेले म्हणाले, ठराव आम्ही लिहिले. खालच्या मजल्यानं वरच्याला विचारलं, मोर्च्याला पाणी कुणी पुरवलं. ऊन चढलं तसे लेझीमवाले घरी गेले. शेवटी सर्वानुमते असं ठरलं, की नळी स्वीकारण्यासाठी योग्य हात निवडायला अकरा जणांची उपसमिती नेमावी, आणि तिची पहिली बैठक पुढच्या रविवारी घ्यावी. अध्यक्ष कोण, ते त्या बैठकीत.

"आठ दिवसांची तर गोष्ट, अप्पा," शामराव गुलाल झटकत म्हणाले. "चार वर्षं थांबलास, आठ दिवस काय!"

अप्पा नळी कमरेला खोचून खोलीत गेला. बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, तरी त्यानं पाय त्यातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला नाही. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईच त्याच्या दारात आली. चाळीच्या मागच्या अंगाला तिची खाणावळ होती. कुडाळकडची बाई, रोज पन्नासेक माणसं तिच्याकडे जेवत, आणि कोण जेवला नाही हे तिला चुलीपासून न उठता कळे.

"काय रे अप्पा, ताप इलो काय?"

"नाही."

"मगे जेवूक कित्याक येवक नाय? चल. कुळथाची पिठी केलंय."

खाणावळीत दुपारची पंगत उठत होती. एका कोपऱ्यात लॉरीचे ड्रायव्हर भाकरी मोडत होते. सुभद्राबाईनं अप्पाला पाट दिला, पान वाढलं आणि समोर बसून राहिली. अप्पानं घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"त्या नळयेत आसा तरी काय रे?" तिनं विचारलं. "काय लिवलेला आसा?"

अप्पानं मान वर केली. हा प्रश्न ऐकायची सवय नसल्यामुळे त्याला उत्तर जुळवायला वेळ लागला.

"भराव थांबवा, असं लिहिलंय. ती राख आमच्या गावावर पडते. घरं बुजली. आई माळ्यावर आहे."

"खंयची राख?"

"ही. समोरच्या गिरणीची."

सुभद्राबाईनं डावीकडे मान वळवली. "रे दगडू!"

कोपऱ्यातला साताऱ्याकडचा दांडगा ड्रायव्हर घास तोंडात घेऊन वळला. "काय मावशी?"

"राख खंय टाकतंस तू?"

"तिकडं किनाऱ्याला. धक्क्याच्या पलीकडं."

"थंय टाकू नको. थंय माणसा रवतत."

"पाण्यात?"

"तुका काय करूचा आसा? ह्याची आवस थंय आसा. उद्यापासून थंय एक पाटी जरी पडली, तर माझ्याकडे जेवूक येव नको. तू नको आणि तुझे हे चारव नकोत. आणि कंत्राटदाराक सांग, तुका धाडतंय ती सोलकढी पण बंद."

दगडूनं भाकरीकडे पाहिलं, कढीकडे पाहिलं, जोडीदारांकडे पाहिलं. "बरं मावशी," तो म्हणाला. "कंत्राटदाराला काय, खेप मोजल्याशी मतलब. दुसरीकडं टाकू." आणि पुढचा घास घेतला.

अप्पाच्या हातातला घास पानात पडला.

"माका आदी कित्याक सांगलंस नाय, मेल्या?"

"तुम्ही विचारलं नाही."

"चार वर्सा पिठी जेवतंस, आणि मी इचारूची वाट बघतंस?" ती कपाळावर हात मारून उठली. अप्पानं घाईघाईनं नळी काढली. "बाई, चारचौघांत म्हणा, मुंबई माझी. इथे कुणी नाही म्हणणार नाही."

"माझी कशी असतली? ह्यो पाटसुद्धा माझो नाय, शेजारणीचो. जेव आदी."

पौर्णिमेला अप्पा चौपाटीवर गेला. शिंपल्यावर कोरलं होतं: 'राख थांबली. आई खाली आली. ये.'

त्यानं तो शिंपला तीनदा वाचला. पहिल्यांदाच 'ये' असं कोरलं होतं.

निघायच्या दिवशी चाळ गोळा झाली. उपसमितीच्या दोन बैठका झाल्या होत्या आणि अध्यक्ष तीन झाले होते, त्यामुळे नळीचा विषय कुणी काढला नाही. सुभद्राबाईनं पुरचुंडीत गूळ बांधून दिला. "आवशीक दी."

"पाण्यात विरघळेल, बाई."

"मगे वर असतानाच खा. पण घे."

दगडू त्याला चौपाटीपर्यंत लॉरीतून सोडणार होता. मागे राख भरलेली होतीच. लॉरीत चढता चढता अप्पानं सहज विचारलं, "आता कुठे टाकता?"

"माहीमकडं. खाडीच्या तोंडाशी. मोकळं आहे सगळं तिकडं."

अप्पाचा पाय फुटबोर्डावरच राहिला.

माहीमच्या पाण्याखाली खारतळ आहे. अतळकोटचं आणि खारतळाचं तीनशे वर्षं बोलणं नाही. का नाही, हे दोन्हीकडे कुणाला आठवत नाही, पण नाही ते नाही. खारतळानं कधी कुठे एलची धाडला नाही. त्यांचा कुणावर विश्वास नाही.

त्यानं हे शामरावांना सांगितलं. शामरावांचा चेहरा उजळला. "अरे, मग बरंच झालं की! तुझं काम झालं, आणि वर शत्रूचा परस्पर बंदोबस्त. याला म्हणतात मुत्सद्देगिरी! तुझा राजा तुला जहागीर देईल."

"दगडूक परत सांगूया काय?" सुभद्राबाईनं विचारलं.

"सांगा. पण मग तो वरळीला टाकेल," अप्पा म्हणाला. "तिथेही कुणीतरी असेल. त्यांना मी ओळखत नाही." तो फुटबोर्डावरून खाली उतरला आणि लॉरीच्या चाकाला टेकून उभा राहिला. घर अर्ध्या दिवसावर होतं. कुणी त्याला घाई केली नाही.

"दगडू," शेवटी तो म्हणाला, "मला दादरच्या चौपाटीवर सोडशील का?"

"तुमचं घर तर गिरगावाकडनं ना, अप्पा?"

"हो. पण खारतळाला आधी सांगायला हवं. म्हातारी माणसं माळ्यावर चढवायला वेळ लागतो."

"ते बोलत नाहीत ना तुमच्याशी?" शामराव म्हणाले.

"नाहीत. दारात उभा राहीन."

"आणि बायकोला काय सांगणार?"

अप्पा लॉरीत चढून दगडूशेजारी बसला, नळी आणि गुळाची पुरचुंडी मांडीवर घेतली.

सुभद्राबाई खिडकीपाशी आली. "मगे परत येतलंस?"

"त्यांनी ऐकलं, तर खलिता लिहायला त्यांना आठवडा लागेल. मग तो घेऊन यावं लागेल कुणाला तरी."

"म्हणजे आयतवारी," ती म्हणाली. "आयतवारी तुझ्यापुरती पिठी जास्त टाकतंय."

दगडूनं गाडी सुरू केली. परळच्या नाक्यावर येईतो अप्पानं पुरचुंडी सोडली, गुळाचा खडा मोडला आणि अर्धा दगडूच्या हातावर ठेवला.